गोटीची सुट्टी

सुट्ट्या लागल्या आणि पाळणाघराला कुलूप लागलं.

पाळणाघरवाली बाई चार दिवस तरी उघडं ठेवीन म्हणाली होती. पण तिच्या मुलीचा फोन आला आणि ती मिळेल त्या गाडीनं निघून गेली. जाताना दारावर खडूनं लिहून गेली, 'बारा दिवस बंद.' सूनबाईनं ते वाचलं तेव्हा सकाळचे पावणेसात झाले होते. कडेवर गोटी, खांद्याला डब्याची पिशवी, आणि पंधरा मिनिटांत फुलांच्या शेडवर हजेरीचा अंगठा लावायचा होता. ती तशीच उलट्या पावली घरी आली.

घरात तिचा नवरा बूट घालत होता. तोही त्याच शेडवर कामाला. ती गुलाब कापून जुड्या बांधायची, तो शीतगृहात खोकी रचायचा. सुट्ट्यांचे दिवस म्हणजे शेडची सुगी. शहरात घरोघरी पाहुणे, हॉटेलं भरलेली, फुलं पुरत नव्हती. सुपरवायझरनं आधीच सगळ्यांना ओळीनं उभं करून सांगितलं होतं, "या बारा दिवसांत ज्यानं खाडा केला, त्यानं तेराव्या दिवशी यायची तसदी घेऊ नये."

"मी राहते घरी," सूनबाई म्हणाली. "गेली जागा तर गेली."

"दोन महिन्यांनी कायम होणारेस तू," नवरा म्हणाला. "मीच राहतो."

"म्हणजे तुझी जाईल. तेवढंच वेगळं."

मोरीपाशी दात घासत उभ्या असलेल्या मिस्त्रीनं चूळ भरली आणि तोंड पुसत म्हणाला, "मी बघतो की तिला."

विमान चालवतो म्हणाला असता तर दोघांनी त्याच्याकडं जसं पाहिलं असतं, तसंच पाहिलं.

मिस्त्री म्हणजे गोटीचा आजोबा. अडुसष्ट वर्षांचा गवंडी. मिसरूड फुटायच्या आधी हातात थापी धरली ती गेल्या साली, डाव्या अंगावरून वारं गेलं तेव्हा खाली ठेवली. गावातल्या निम्म्या भिंती त्याच्या हातच्या होत्या. पण पोर म्हणून त्यानं कधी हातात धरलं नव्हतं. स्वतःची दोन झाली ती बायकोनं वाढवली. तो कामावर जायचा तेव्हा पोरं झोपलेली असायची आणि यायचा तेव्हाही झोपलेलीच. बायको जाऊनही आता चार वर्षं झाली होती.

"मामंजी, ती एका जागी बसत नाही हो," सूनबाई म्हणाली.

"मी तरी कुठं बसतो?"

"शी-शू असतं तिचं. भरवायचं असतं."

"माणसाचंच पोर आहे ना?"

वेळ नव्हता. सूनबाईनं दारात उभ्या उभ्या सांगितलं. दूध दहाला आणि तीनला, कोमट करून. बाराला मऊ भात. बटण, नाणं, शेंगदाणा हाताला लागू द्यायचा नाही. पुढच्या दाराची वरची कडी कायम लावलेली हवी, कारण ही रस्त्यावर पळते. मग तिनं गोटीला त्याच्याकडं द्यायला हात पुढं केले आणि मध्येच थांबली.

"हात कसा आहे आता?"

"ठणठणीत," म्हणत मिस्त्रीनं पोर उजव्या हातानं ओढून घेतलं आणि डावा हात खांद्यावरच्या टॉवेलखाली सरकवला.

हात ठणठणीत नव्हता. दंड उचलायचा, कोपर वाकायचं, पण बोटं मिटत नव्हती. पेला धरला तर निसटायचा. हे त्यानं कुणाला कळू दिलं नव्हतं. कळलं असतं तर मुलानं त्याला थोरल्या लेकीकडं नेऊन पोचवलं असतं. तिच्याकडं मोठं घर, माणसांचा राबता, आणि त्याच्यासाठी पडवीत एक खुर्ची. त्या खुर्चीची मिस्त्रीला मरणाइतकी धास्ती होती.

पहिला दिवस गोटीनं रडून काढला. पावणेदोन वर्षांची पोर, वजन दहा किलो आणि आवाज ट्रकच्या भोंग्याचा. आठ ते अकरा ती पुढच्या दाराला पाठ लावून "आई" म्हणून ओरडत राहिली. मिस्त्रीनं दूध दिलं, तिनं लोटून दिलं. भात दिला, तो त्याच्या मिशीत गेला. मग तिनं चड्डीत शी केली आणि त्याच्याकडं बघत राहिली, हा आता काय करतो म्हणून.

तो तिला मोरीत घेऊन गेला. एका हातानं धरावं तर धुवायला दुसरा नाही, आणि साबण लावलेलं पोर म्हणजे ओला मासा. दोनदा ती निसटली. तिसऱ्यांदा त्याला एकदम सुचलं. रंधा मारताना सुतार फळी जशी गुडघ्यांत धरतो, तशी त्यानं पोर दोन गुडघ्यांत धरली. गोटी गप्प झाली. तिला ते आवडलं असावं. धुऊन झालं तेव्हा मिस्त्रीच्या बनियनमधून घाम निथळत होता. उन्हात चार फुटी भिंत बांधून एवढा कधी आला नव्हता.

शेजारच्या घरात शिंपीण राहायची. पन्नाशीची, एकटी, खिडकीशी मशीन मांडून बसलेली. तिला परसातलं सगळं दिसायचं.

"मिस्त्री," तिनं पायटा थांबवून हाक मारली, "चड्डी उलटी घातलीत."

"सरळच आहे."

"खिसा पुढं आलाय की."

मिस्त्रीनं पाहिलं. आला होता. "राहू दे," तो म्हणाला. "तिला काय त्यात तंबाखू ठेवायचीय?"

समोरच्या बंगलीत शहरातून पाहुणे उतरले होते. चार मोठी माणसं, तीन पोरं, दिवसभर गाणी आणि चेंडू. दुसऱ्या दिवशी दुपारी गोटी नागडी होऊन परसातून रस्त्याच्या अंगाला पळाली आणि मिस्त्री हातात ओली चड्डी घेऊन मागं. त्या पाहुण्यांपैकी एका तरण्यानं फोन समोर धरला. "काका, इकडं बघा, इकडं!" बाकीचे खो खो हसले. मिस्त्रीनं गोटीला कुंपणाशी गाठलं, काखेत मारलं आणि मान खाली घालून परतला. त्या बंगलीचं जोतं त्यानंच बांधलं होतं. तेव्हा तो तरणा मुलगा उघड्या अंगानं त्याच्या वाळूत लोळायचा. हे सांगावंसं त्याला वाटलं, पण काखेतलं पोर लाथा झाडत होतं.

तिसऱ्या दिवसापासून थोडी घडी बसली. परसात जुन्या कामातली वाळू उरली होती. मिस्त्रीनं तिथं पोत्याची सावली केली, हत्यारांच्या पेटीतून ओळंबा काढला आणि पेरूच्या फांदीला बांधला. पितळी ओळंबा झुलायला लागला की गोटी तोंड उघडं टाकून बघत बसायची. मग वाळूवर पाणी मारून थापीनं चापायची. थाप मारली की मिस्त्रीकडं बघायची. तो म्हणायचा, "अजून." ती अजून मारायची. त्याला 'आबा' म्हणायचं एवढं तिला जमत नव्हतं. ती नुसतं 'बा' म्हणायची. दिवसातून शंभर वेळा.

दुपारी ती त्याच्या पोटावर झोपायची, आणि तो मुतायला उठायचीही चोरी म्हणून पाय आवळून पडून राहायचा.

संध्याकाळी दोघं शेडवरून परत यायची ती पिळून वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. सूनबाईच्या बोटांना काट्यांचे ओरखडे, त्यांवर चिकटपट्ट्या. मुलाचे ओठ शीतगृहातल्या गारठ्यानं फुटलेले. सूनबाई हात धुऊन आधी गोटीला घ्यायची आणि बोलता बोलता तिच्या अंगावरून हात फिरवायची. डोकं, मान, पाठ, गुडघे. मिस्त्रीला ते कळायचं. नवी भिंत ताब्यात घेताना मालक असाच हात फिरवतो.

सहाव्या दिवशी तिला गोटीच्या ओठांवर लाल भुगा सापडला.

"हे काय?"

"वीट चाटली जरा."

"जरा?"

"माझा डोळा लागला होता. मिनिटभर."

सूनबाईनं पदरानं तो भुगा पुसला. पण स्वयंपाकघरात ती नवऱ्याला हळू आवाजात म्हणाली ते मिस्त्रीनं ऐकलं. "सहा दिवस राहिलेत. तेवढे नीट जाऊ देत म्हणजे झालं." त्या दिवशी मिस्त्री दोन घास कमी जेवला.

आठव्या दिवशी सकाळपासून वारा सुटला होता. कोरडा, धुळीचा, पत्रे हलवणारा. समोरचे पाहुणे गाडी भरून दिवसभरासाठी नदीवर गेले होते. गल्लीत बाकी जी घरं होती ती शेडवर नाही तर गावाला. कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं.

तीनला गोटी उठली. मिस्त्रीनं ओट्यावर दुधाचं पातेलं ठेवलं, शेगडी बारीक केली. तेवढ्यात वाऱ्याचा एक जोरकस झोत आला आणि परसातल्या दोरीवरचे गोटीचे कपडे उडून कुंपणाच्या काट्यांत गेले. सगळे होते नव्हते ते. मिस्त्री मागच्या दारानं बाहेर पडला. चार पावलं तर होती. त्यानं दोन लंगोट काट्यांतून सोडवले, तिसऱ्याला हात घातला, आणि मागं दार धाडकन आपटलं.

तो वळला. वाऱ्यानंच आपटलं असणार. पण वाऱ्याला खिटी सरकवता येत नाही. आतून 'खर्र' असा आवाज झाला आणि मागोमाग खिदळणं.

मागचं दार लोखंडी पत्र्याचं, बाहेर उघडणारं. वरची खिटी गंजून गेली म्हणून मुलानं गेल्या महिन्यात खाली नवी बसवली होती, गोटीच्या छातीच्या उंचीवर. ती खिटी सरकवायचा तिला नाद होता, पण आजवर कुणीतरी आत असायचं.

"गोटी," मिस्त्री दाराशी बसला. "ए बाळा, उघड. ओढ तिकडं."

"बा!"

"हां, बा. ओढ ती. ओढ."

खिटी हलल्याचा आवाज आला. खालच्या फटीतून त्याला तिचे दोन पाय दिसत होते. पण तिनं खिटीचं शेपूट खाली पाडलं होतं, आणि ते उचलल्याशिवाय खिटी सरकणार नव्हती. ती दोनदा झटली, मग कंटाळली. पाय निघून गेले.

मिस्त्रीनं दार ओढून पाहिलं. पत्रा नुसता वाजला. चौकट त्यानंच भिंतीत सिमेंट भरून बसवली होती. हत्तीला दाद द्यायची नाही, असं तेव्हा तो म्हणाला होता.

तेवढ्यात आत दूध चरचरलं. आधी करपल्याचा वास आला. मग चरचर थांबली आणि त्याजागी बारीक 'सूं' असा आवाज उरला. मिस्त्रीनं नाक फटीला लावलं. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, आणि गॅस चालूच होता.

 तो दार धरून उठला. मग त्यानं जी हाक मारली ती तीन शेतं पलीकडं गेली असेल. "शिंपीणबाई! ओ शिंपीणबाई!"

मशीन थांबलं. शिंपीण गळ्यात टेप तशीच घेऊन धावत आली.

"पोर आत आहे. गॅस सुटलाय. पुढच्या खिडकीशी जा, तिला बोलवून घ्या आणि धरून ठेवा. काही झालं तरी सोडू नका."

"फोन करू का हिच्या आई-बापाला?"

"शेडवर फोन कपाटात ठेवतात. तुम्ही जा आधी!"

तो स्वतः लंगडत पुढच्या पडवीत गेला आणि मीटरच्या डब्यातलं मुख्य बटण खाली ओढलं. आत फ्रिज होता. तो मध्येच घुर्र करून चालू होतो, आणि एवढ्या गॅसला एक ठिणगी पुरे होती. पुढच्या दाराची कडी वर, आतून. खिडकीला गज. गजांतून त्याला आतली खाट दिसली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर गोटी. ती रडत नव्हती. हातात चमचा होता.

शिंपिणीनं पडवीतलं स्टूल ओढलं, वर चढली आणि कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून गजांवर वाजवला.

"ए गोटे! हे बघ काय! हवं का तुला? ये, खाटेवर चढ. चढ माझी बाय."

गोटीनं चमचा टाकला. ती आली. खाटेचा काठ धरला, एक पाय टाकला, घसरली, पुन्हा टाकला. मिस्त्री श्वास धरून बघत होता. ती वर आली आणि किल्ल्यांना हात लावला मात्र, शिंपिणीनं दोन्ही हात गजांतून घालून तिचं झबलं पोटाशी घट्ट धरलं.

"धरली," ती म्हणाली. "जा तुम्ही. तोंड बाहेरच्या हवेकडं ठेवते तिचं."

मिस्त्री परसात आला तेव्हा कुठं जायचं हे त्याला ठाऊक होतं. दार नाही. भिंत. स्वयंपाकघराच्या भिंतीत एक जुनी खिडकी होती, ओट्याच्या बरोबर वर. पलीकडं गुरं बांधायचे तेव्हा माश्या फार यायच्या, म्हणून बायकोनं ती बुजवायला लावली होती. त्या दिवशी घरात सिमेंट नव्हतं. त्यानं विटा नुसत्या मातीत बसवल्या, वरून पातळ गिलावा फिरवला आणि उद्या नीट करू म्हणाला. दुसऱ्यांची घरं बांधण्यात तो उद्या राहूनच गेला.

त्यानं बोटाच्या पेरानं भिंत ठोकली. टण्, टण्, टण्. मग बद्द. इथं.

परसातल्या हत्यारांच्या पेटीतून छिन्नी काढली. हातोडा उचलला आणि खाली ठेवला. लोखंडावर लोखंड पडलं की ठिणगी उडते, ती त्यानं जन्मभर पाहिली होती. कपडे धुवायच्या दगडावर धोपाटणं पडलं होतं, लाकडी, जड. ते घेतलं. पिंपातलं पाणी बादलीनं भिंतीवर मारलं, दोनदा, तीनदा, गिलावा काळा पडेपर्यंत.

आणि मग तो अडला. उजव्या हातात धोपाटणं, तर छिन्नी धरणार कोण? डाव्या तळव्यात ती ठेवली तर बोटं उघडीच. छिन्नी पायावर पडली. त्यानं पुन्हा ठेवली, पुन्हा पडली. आतून 'सूं' चालूच होतं. पुढून शिंपीण काहीतरी बडबडत होती आणि गोटीला आता किल्ल्यांचा कंटाळा येऊन ती कुरकुरत होती.

काट्यांतून सोडवलेला ओला लंगोट त्याच्या खांद्यावर होता. त्यानं छिन्नी तळव्यात आडवी धरली, लंगोटाचे चार वेढे हाताभोवती घेतले आणि गाठ दातांनी आवळली. इतकी आवळली की बोटं निळी पडली. मग टोक भिंतीला लावलं आणि धोपाटणं हाणलं.

पहिल्या घावाला खांद्यापर्यंत कळ गेली. दुसऱ्याला गिलाव्याचा पोपडा पडला. त्यामागं वीट दिसली. सांध्यातली माती भिजून लोण्यासारखी झाली होती. मिस्त्री सांधा कोरत राहिला, वर, खाली, दोन्ही बाजूंनी, जसा तो तरुणपणी कोरायचा, घाई न करता, कारण घाईनं वीट अडकते. छातीत भाता चालला होता. वीट हलली. त्यानं तळहाताच्या टाचेनं ती आत लोटली. आत ओट्यावर भांडी खणखणली आणि भोकातून गॅसचा भपकारा त्याच्या तोंडावर आला. त्यानं तोंड फिरवलं, श्वास घेतला, पुन्हा वळला. दुसरी वीट. तिसरी.

त्यानं उजवा हात आत घातला. शेगडी भोकाच्या उजव्या अंगाला होती आणि कोपर डावीकडं वळत होतं. बोटं हवेतच फिरली. त्यानं हात काढला, दातांनी गाठ सोडली, छिन्नी टाकली आणि डावा हात खांद्यापर्यंत आत घातला. गाल भिंतीला चिकटला. काही दिसत नव्हतं. तळव्याला गरम, चिकट दूध लागलं, मग शेगडीची कड, मग बटण. बोटांनी धरता येत नव्हतंच. त्यानं अंगठ्याखालचा मांसल भाग बटणावर टेकवला, सगळं अंग भिंतीवर टाकलं आणि मनगट फिरवलं. घसरलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा फिरवलं.

'कट्.'

'सूं' थांबलं.

मिस्त्री तसाच उभा राहिला, एक हात भिंतीत, गाल ओल्या मातीला. नुसता वारा ऐकू येत होता.

"मिस्त्री?" पुढून शिंपीण ओरडली. "मिस्त्री, बोला की काहीतरी!"

"झालं बंद," तो म्हणाला. ते तिकडं पोचलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं, "बंद झालं बाई. धरून ठेवा अजून थोडा वेळ. वास जाऊ दे."

त्यानं आणखी चार विटा काढल्या. सकाळपासून ज्याला शिव्या दिल्या तो वारा आता भोकातून आत शिरला आणि पुढच्या खिडकीनं बाहेर पडायला लागला. पाव तास गेला. वास विरत विरत नाहीसा झाला. दारापर्यंत हात पोचायचा तर अजून निम्मी खिडकी मोकळी करावी लागणार होती. मिस्त्रीनं पुन्हा छिन्नी हाताला बांधायला घेतली.

तिकडं शिंपिणीच्या हाताला रग लागली होती. तिनं पकड सैल केली आणि गोटी खाटेवरून उतरून पळाली. मिस्त्रीला भोकातून ती दिसली. स्वयंपाकघरात येऊन तिनं वर पाहिलं. भिंतीत आजोबाचं तोंड होतं, मातीनं माखलेलं. ती टाळ्या वाजवून हसली. मग दाराकडं गेली, खिटीचं शेपूट उचललं, खर्रकन सरकवलं आणि दोन्ही हातांनी दार ढकललं.

"बा," ती उंबऱ्यात उभी राहून म्हणाली.

मिस्त्री जमिनीवरच बसला. शिंपीण धापा टाकत परसात आली. तिनं उघडं दार पाहिलं, भोक पाहिलं, चिखलात बसलेला मिस्त्री आणि त्याच्या मांडीवर चढणारी गोटी पाहिली, आणि पदर तोंडावर घेऊन हसायला लागली. हसता हसता रडली. "ही भवानी! हिनं आधी उघडलं असतं तर!"

शिंपिणीनं दोघांना आपल्या घरी नेलं, गोटीला दूध पाजलं, मिस्त्रीला चहा दिला. त्याच्या डाव्या तळव्याची कातडी सोलवटली होती. तिनं ती धुतली आणि बांधली. बोटं मिटत नाहीत हे तिच्या ध्यानात आलं. 

"मिस्त्री, एक सुचवू?" ती म्हणाली. "सांगूच नका. म्हणायचं, खिडकी काढायचं मनात होतं, वेळ होता, काढली. मी हो म्हणेन. चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

मिस्त्री चहा पीत राहिला. तसं म्हणता आलं असतं. गवंड्यानं भिंत फोडली तर कुणी कारण विचारत नाही. तो घरी आला, ओटा धुतला, विटा परसात रचल्या. तेवढ्यात साडेसहा झाले आणि फाटक वाजलं.

सूनबाई आत आली, मागोमाग मुलगा. तिनं भोक पाहिलं. त्यातून मावळतीचं ऊन सरळ भांड्यांच्या फळीवर पडलं होतं. "हे काय मामंजी? खिडकी काढलीत?"

"नाही," मिस्त्री म्हणाला. "बस. तूही बस रे."

त्यानं सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. शेगडी चालू ठेवून बाहेर गेलो, हेही. शेवटी टॉवेलखालून डावा हात काढून पुढं धरला. "हाही नीट नाही. बोटं मिटत नाहीत. पहिल्या दिवशी विचारलंस तेव्हा खोटं बोललो. तिला तुझ्या हातातून घेतली तेव्हा हे सांगायला हवं होतं." मग मुलाकडं न बघता म्हणाला, "ताईकडं फोन करायचा तर कर. जाईन मी."

 सूनबाईनं गोटीला जवळ ओढलं होतं. ती तिच्या अंगावरून हात फिरवत होती, डोकं, मान, पाठ.  तिनं गोटीच्या केसांत नाक खुपसलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मग मान वर केली.

"सहा महिन्यांची होती," ती म्हणाली. "मी दुपटं घ्यायला वळले आणि ही खाटेवरून खाली पडली. डोक्यावर. आवाज आला तो अजून माझ्या कानात आहे. टेंगूळ आलं होतं एवढं. मी तुम्हाला दोघांना सांगितलं, डास चावला."

"डास?" नवरा म्हणाला. "तो डास होता म्हणून मी मच्छरदाणी आणली की!"

"आणलीस ना. मी गप्प बसले. दोन महिने धडकी घेऊन फिरत होते, पोर नीट बसेल का, चालेल का."

नवऱ्यानं फुटका ओठ चावला. खाली बघितलं. "मी तिला दुकानात विसरलो होतो," तो म्हणाला.

"काय?"

"किराणावाल्याकडं. खुर्चीवर बसवली, सामान घेतलं, गाडीला लावलं आणि निघालो. चार पावलंच गेलो."

"चार पावलं गाडीवर?" सूनबाईनं विचारलं.

"पुलापर्यंत."

"पुलापर्यंत!"

"मग आठवलं. परत गेलो तर ही त्याच्या मांडीवर बसून बिस्कीट खात होती. त्यानं माझी शपथ घेतली, कुणाला सांगणार नाही म्हणून."

सूनबाईला हसू आलं. ते दाबायला गेली तर नाकातून आलं. मग नवरा हसला, आणि मिस्त्रीच्या छातीवर दुपारपासून जी वीट ठेवल्यासारखी होती ती कुठं गेली त्यालाच कळलं नाही. तोही हसला, खोकला लागेपर्यंत. हसता हसता त्याचे डोळे वाहिले तेव्हा सूनबाईनं दुसरीकडं पाहिलं.

"ताईकडं काही फोन-बिन नाही," मुलगा उठत म्हणाला. "ती खिटी आधी वर बसवतो. उद्या जायच्या आधी."

"आणि हात दवाखान्यात दाखवायचा," सूनबाई म्हणाली. "सुट्ट्या संपल्या की मी येते बरोबर. खोटं बोलायचं नाही तिथं."

एवढ्यात बाहेर परसात काहीतरी खणखणलं. गोटी आईच्या हातून कधी निसटली कुणालाच कळलं नव्हतं. ती स्टूल लावून ओट्यावर चढली होती आणि भिंतीच्या भोकातून एकेक भांडं परसात टाकत होती. चमचा गेला. वाटी गेली. झाकण गेलं. प्रत्येक भांडं पडल्याचा आवाज कान देऊन ऐकत होती आणि मग वळून सगळ्यांकडं बघत होती.

मुलगा भांडी गोळा करायला बाहेर धावला. सूनबाईनं पोर उचलून खाली ठेवली, पुन्हा मिस्त्रीच्या गुडघ्याशी.

"उद्या माझी पाळी सहाची आहे," ती म्हणाली. "ती उठायच्या आत जाईन मी."

मिस्त्री घुटमळला. "तिचं दूध तू जायच्या आधीच तापवून ठेव. मी आता ती शेगडी..."

"सहाला तापवलेलं दहापर्यंत गार होतं," सूनबाई चिकटपट्टी सोडवत म्हणाली. "आणि गार दूध ती पीत नाही. तुम्हीच तापवा."

मिस्त्रीनं मान हलवली. बाहेरून मुलानं भोकातून वाटी आत दिली, आणि ती घ्यायला गोटी पुन्हा स्टूल ओढू लागली.